राख गावची, शेत ओदिनामोचं

ओदिनामो खालाचं शेत आमच्या पाटाच्या अगदी शेपटीला. तिथवर येईपर्यंत पाण्याला साऱ्या गावाची खबर लागलेली असते. कोणाची भांडी उशिरा घासली गेली, कोणाच्या मेंढ्या पाटात उतरल्या, कोणी लोकर धुतली, सगळं त्या पाण्यात दिसतं. "मला बातम्या रोज मिळतात," खाला म्हणायची, "पाणी तेवढं मिळत नाही."

पाट निघतो यखबोबोच्या पायाशी. यखबोबो, म्हणजे बर्फाचा आजोबा, ही आमची हिमनदी. नदी त्याच्या जिभेखालून बाहेर पडते ती दुधात राख कालवल्यासारखी करडी, आणि इतकी थंड की आत घातलेला हात आपला की दुसऱ्याचा ते कळू नये. तिच्यातून फोडलेला पाट डोंगराच्या कडेकडेने गावात येतो, सगळ्या शेतांना वळसा घालतो आणि वेटोळं घातलेल्या सापासारखा फिरून पुन्हा तिथेच येतो. सापाचं डोकं जिथे टेकलंय, बरोबर त्याच्या खाली त्याची शेपटी. डोक्याशी पाल्वोनशो बोबोंचं शेत, शेपटीशी ओदिनामो खालाचं. मध्ये मातीचा उभा कडा. वरून एक चर मारला की झालं, असं गावात आलेल्या प्रत्येक नव्या सुनेला वाटतं आणि प्रत्येक सासू तिला गप्प करते. एक तर कडा ढासळेल. दुसरं म्हणजे, पाण्याने सगळ्यांच्या दारांवरून जाऊनच खाली उतरायचं, हा पाटाचा कायदा आहे.

त्यामुळे हे दोघं जवळचे शेजारीही होते आणि गावातले सर्वांत लांबचेही. खाला लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांचं बोलणं वरून खाली आणि खालून वर ओरडूनच चालायचं.

"ओदिनामो, तुझी कोंबडी खोकतेय!"

"तुझ्या मेंढ्या वरून लेंड्या टाकतात, त्या टिपून खोकतेय!"

"मग औषध दे तिला!"

"तूच गप्प बस, तेच तिचं औषध!"

आमच्याकडे पाऊस कोणी मागत नाही. ढग आले की यखबोबो गोधडी ओढून झोपतो आणि नदी बारीक होते. ऊन तापलं की त्याला घाम फुटतो, आणि त्या घामावर आमचा गहू, आमचा सातू, आमचे बटाटे. अडचण मे महिन्याची. शेतात कोंब वर आलेले असतात आणि म्हाताऱ्याला अजून घाम फुटलेला नसतो. पाटात पाणी येतं ते करंगळीएवढं. त्या दिवसांत ज्याची पाळी आधी, त्याचं पीक. पुढे जुलैत पाणी असं येतं की नको म्हणावं, पण तोवर मागच्यांचे कोंब वाळून काडी झालेले असतात.

पाळी ठरवायची रीत जुनी आहे. हिवाळ्याचा बर्फ ज्याच्या शेतावरून आधी जाईल, ज्याची माती आधी काळी दिसेल, त्याची पहिली पाळी. म्हणून घरोघरच्या बायका हिवाळाभर चुलीतली राख साठवतात आणि नवरोझच्या, म्हणजे मार्चमधल्या नव्या वर्षाच्या, सुमारास शेतातल्या बर्फावर पसरतात. पांढऱ्यावरून ऊन घसरून जातं, काळ्यावर ते बसतं आणि खाली उतरतं. घरात माणसं जास्त तर चूल जास्त वेळ पेटते, आणि तितकी राखही जास्त. खाला विधवा, एकटी, तिचा एकुलता एक दोदिखुदो मॉस्कोत. तिच्या चुलीतून हिवाळाभरात निघायची ती राख मांजरीला लोळायला पुरेल एवढी.

त्या हिवाळ्यात दोदिखुदोचा फोन आला. फोन आमच्या घरी चांगला लागतो, म्हणून खाला आमच्याकडेच बसून ओरडत होती.

"आई, दोन वर्षं झाली, तू खोरोगच्या बाजारातलं पीठ खातेस. मग ते शेत कशाला? आणि तू तिथे एकटी कशाला? ह्या वर्षी आपल्या शेतातलं पीठ घरात आलं नाही, तर मी येऊन दाराला कुलूप लावणार. सोळाव्या मजल्यावर तुझी खोली तयार आहे."

"सोळाव्या मजल्यावर पाणी कोण चढवतं?"

"आपोआप येतं. तोटी फिरवली की झालं."

"आणि पाळी?"

"पाळी नसते, आई."

फोन ठेवल्यावर खाला बराच वेळ शीरचायचा, म्हणजे दूध-मीठ घातलेल्या चहाचा, वाडगा तळहातांत फिरवत राहिली. मग माझ्या आईला म्हणाली, "ज्या पाण्यासाठी भांडावंच लागत नाही, त्याचा चहा कसा लागत असेल गं?"

आई म्हणाली, "जाऊन पिऊन बघ."

"तू जा सोळाव्या मजल्यावर. तुझे गुडघे चांगले आहेत."

आठवडाभरात साऱ्या गावाला कळलं, की खालाला पीठ पिकवायचंय किंवा मॉस्कोला जायचंय. आणि पीठ पिकवायचं तर पहिल्या चारदोन पाळ्यांत नंबर लागायला हवा, हे लहान पोरांनासुद्धा कळत होतं.

नवरोझच्या आधी घर झाडायचं असतं. खांबांवरची काजळी निघते, चुलीचा कोपरा खरवडून काढतात, हिवाळाभर साठलेल्या राखेत आणखी भर पडते. त्याच दिवसांत खाला घरोघर फिरू लागली. हातात एक बादली आणि तोंडावर दुखणं.

पाल्वोनशो बोबोंच्या बायकोला, शकरमोला, ती म्हणाली, "कोंबड्यांना उवा झाल्यात. राखेत लोळवते बिचाऱ्यांना." आमच्याकडे आली तेव्हा तिचे दात हलत होते आणि जर्दाळूच्या लाकडाची राख हिरड्यांना चांगली, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. खलिफाबोबोंच्या सुनेला तर तिने स्वप्नच सांगितलं. खालाचा वारलेला नवरा उंबऱ्याशी उभा, आणि म्हणतोय, की एखाद्या पुण्यवान घरची राख माझ्या कबरीभोवती टाक. सुनेने डोळे पुसत दोन बादल्या भरून दिल्या. निघताना खाला प्रत्येकीचा हात धरून हळूच सांगे, "कोणाला बोलू नकोस हं. तुलाच म्हणून सांगितलं."

गावाला काही कळवायचं असेल तर एकीच्या कानात सांगावं. कळू द्यायचं नसेल तर प्रत्येकीला वेगळं सांगावं, म्हणजे जी ती आपलं गुपित जपत बसते. हे शास्त्र खालाचं. तिच्या रिकाम्या गोठ्यात पोत्यांवर पोती चढली आणि आमच्या गावात, जिथे कोणाच्या घरी पाहुणा आला तर त्याच्या मोज्यांचा रंगही कळतो, तिथे कोणाला पत्ता लागला नाही.

प्रश्न एकच उरला. पसरायची कधी? सकाळी बायका आपापल्या शेतात राख टाकत असतात. एकटीच्या घरून एवढी पोती निघाली तर हाताची राख खाली पडायच्या आत बोभाटा व्हायचा. म्हणून खालाने दुपार निवडली.

दुपार कलली की आमच्या खोऱ्यात खालून वर वारा सुटतो. रोज सुटतो, चुकत नाही. त्या वेळी बाहेर कोणी नसतं, कुत्रीसुद्धा भिंतीला चिकटून डोळे मिटतात. कोणी नसतं म्हणून तर खाला गेली. कोणी का नसतं, याचा विचार तिने लपवाछपवीच्या नादात केला नाही. जन्मभर त्या वाऱ्यात चुलीचा धूर डोळ्यांत घेतलेली बाई! रुमालाने नाकतोंड बांधून, मान खाली घालून ती सूप भरभरून उधळत राहिली. शेवटचं पोतं झटकून तिने वर पाहिलं, तेव्हा राखेचा करडा ढग कडा चढत होता. शिस्तीत, घाई न करता, पाहुण्यांनी जिना चढावा तसा. काठावर जरा थांबला आणि पलीकडे उतरला.

पाल्वोनशो बोबोंच्या शेतात.

"क्षणभर वाटलं, माझं शेतच उठून चाललंय," तिने नंतर सांगितलं. त्या दिवशी मात्र ती पोती घडी करून घरी गेली आणि पडून राहिली.

पुढे चांगलं ऊन पडलं. पाल्वोनशो बोबोंच्या शेतावरचा बर्फ असा विरघळला की बघत राहावं. त्या वर्षी त्यांची मुलं कामासाठी बाहेर होती, राख टाकायला घरात कोणी नव्हतं, आणि असलेली राख शकरमोने खालाच्या कोंबड्यांना दिलेली. तरी माती काळीभोर. बोबो गावभर छाती काढून फिरू लागले.

"मूठभर राख टाकली नाही मी! मूठभरसुद्धा नाही! उन्हालासुद्धा माणूस ओळखता येतो."

पाळी ठरवायला सगळे पाटाच्या तोंडाशी जमले, उन्हाला पाठ करून. खलिफाबोबो मधल्या दगडावर बसले. ते आमच्या गावचे वडीलधारे, प्रार्थना सांगणारे, आणि भांडणं सोडवणारेही. त्या दिवशी त्यांच्यापुढे दोन कामं होती. एक पाळीचं, दुसरं नवा मिरोब नेमायचं. मिरोब म्हणजे आमचा पाटकरी, पाटाचं पाणी ज्याच्या फावड्याने फिरतं तो. जुना मिरोब मुलीकडे परदेशी निघून गेला होता आणि ते काम कोणाला नको होतं. उन्हाळाभर पाटावर चालायचं, सगळ्यांच्या शिव्या खायच्या, आणि वर मिरोबच्या शेताला पाणी सर्वांत शेवटी, हा नियम.

"पहिली पाळी पाल्वोनशोची," खलिफाबोबो म्हणाले. "कोणाचं काही म्हणणं?"

कोणाचं काहीच नव्हतं. बोबोंनी दाढीवरून हात फिरवला आणि हसून म्हणाले, "ओदिनामो, मॉस्कोला थंडी फार असते. जाताना माझी लोकरीची टोपी घेऊन जा."

इथे खालाचा तोल गेला.

"ती राख माझी आहे!"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"कुठली राख?" बोबो म्हणाले.

"तुझ्या शेतावर पडलीय ती! वाऱ्याने वर नेली. पोतीच्या पोती! उन्हाला माणूस ओळखता येतो म्हणे! ऊन काय तुझी मावशी आहे? जमीन तुझी असेल, पण काळी माझ्या राखेने झालीय. पहिली पाळी माझी!"

माझी आई हळूच उठली. "खाला, तुझ्या एकटीच्या चुलीतून पोतीच्या पोती?"

खाला डोक्यावरचा रुमाल नीट करू लागली.

"दात कसे आहेत?" आईने विचारलं.

"दात?" खलिफाबोबोंची सून म्हणाली. "दातांचं काय? ती राख तर कबरीसाठी..."

"कोंबड्यांसाठी!" शकरमो ओरडली.

मग जो गलका उठला त्यात कोण काय म्हणतंय ते कळेना. एवढंच कळलं, की प्रत्येकीच्या मते ती राख तिची होती, आणि म्हणून पहिली पाळी तिच्या घरची. खालाने जो कायदा सांगितला होता, त्याच कायद्याने.

"आधी पाहू तर या," खलिफाबोबो म्हणाले, आणि सारी सभा उठून खालाच्या शेतात गेली.

शेत पांढरंशुभ्र होतं. हलकी राख उडून गेली होती. पण राखेतले जड तुकडे कुठे उडणार? ते जिथल्या तिथे पडले होते, धुतलेल्या चादरीवर वेचून ठेवल्यासारखे. जळका खिळा, मुलाच्या बुटाची अर्धी टाच, शिंगाच्या चमच्याचा दांडा.

"हा जर्दाळूच्या बियांचा कोळसा कोणाकडचा?" खलिफाबोबोंनी काठीने उकरलं.

"आमचा," आई बोलून गेली.

"तुमच्याकडचे जर्दाळू तर डिसेंबरातच संपले होते ना?" शकरमो गोड आवाजात म्हणाली. "मी वाडगाभर मागायला आले होते तेव्हा?"

आईने एकदम आकाशाकडे बघितलं, जणू ढग येताहेत का ते पाहणं फार गरजेचं होतं. पण ती हार मानणारी नव्हे. खाली बघितल्यावर तिने जे पहिलं उचललं, ते हाड होतं. चांगलं जाडजूड, दोन्ही टोकांना जळलेलं.

"मेंढीची मांडी," आई म्हणाली. "ह्या हिवाळ्यात कोणी मेंढी कापली बाई? आमच्याकडे तर चरबीचा तुकडासुद्धा आला नाही. खाला, हे कुठल्या बादलीतलं?"

आमच्याकडे मेंढी कापली आणि शेजाऱ्यांना वाटा गेला नाही, यापेक्षा मोठी चोरी नाही. खालाने क्षणभर कड्याच्या वर पाहिलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला.

"कोंबड्यांच्या."

"ती... ती कड्यावरून पडली होती," पाल्वोनशो बोबो म्हणाले.

"पडली ती थेट हंड्यात?"

खलिफाबोबोंना हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडाला लावून खोकल्यासारखं केलं, पण खांदे हलत होते. मग पुढचं काम लवकर झालं. राख सगळ्यांची, तेव्हा पहिली पाळी कोणाचीच नाही. प्रत्येक घराने आपली खूण केलेली काडी त्यांच्या टोपीत टाकावी, निघेल त्या क्रमाने पाणी घ्यावं. खालाने काडी पुढे केली तेव्हा त्यांनी टोपी मागे घेतली.

"तुझी नको. मिरोबची काडी टोपीत नसते."

"कोण मिरोब?"

"जी बाई प्रत्येकाच्या चुलीपर्यंत पोचली, तिला पाटाची दारं काय अवघड?"

"म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली!" आई म्हणाली.

"पण पाणी तिच्यापर्यंत सर्वांत शेवटी येणार ना? मग चोरेल काय?" खलिफाबोबो म्हणाले.

खाला रागाने लाल झाली होती. "खलिफाबोबो, मला मिरोब करताय म्हणजे मॉस्कोच्या गाडीत बसवताय. माझं शेत शेवटी गेलं की संपलं."

"मिरोबला प्रत्येक घरचं रुमालभर धान्य मिळतं. उपाशी राहायची नाहीस."

"माझ्या पोराला माझ्या शेतातलं पीठ पाहिजे. तुमचे रुमाल नकोत."

"हा विचार बादली घेऊन निघताना करायचा होता," ते म्हणाले, आणि जुन्या मिरोबचं फावडं त्यांनी तिच्यापुढे धरलं.

तिने ते घेतलं नाही. मग घेतलं, पण नुसतं परत द्यायला. मग दांडा हातात फिरवून पात्याची धार बघितली आणि पुटपुटली, "कसं ठेवलंय मेल्याने." तेव्हाच आम्हाला कळलं, की आता ती नाही म्हणायची नाही.

तसा मिरोब आम्ही पाहिला नव्हता. लबाडी कुठे कुठे लपते ते तिला आतून माहीत होतं. कोणी दारावरचा दगड जरासा सैल ठेवला, कोणी गवताच्या पेंढीआडून पाणी वळवलं, की खाला तिथे हजर. एकदा पाळी संपल्यावरही पाल्वोनशो बोबोंनी दार अर्धं उघडं ठेवलं होतं. ती आली आणि सरळ त्या उघड्या दारात, बर्फाच्या पाण्यात बसली. कपडे फुगले, पाणी अडलं, आणि मुकाट पुढे निघालं.

"उठ म्हातारे, गारठून मरशील!"

"मी दगड आहे. दगडाशी काय बोलतोस?"

बोबोंनी घाईघाईने दोन खरे दगड आणून ठेवले तेव्हा ती उठली.

मग जूनमध्ये ढग आले आणि जायचं नाव घेईनात. यखबोबो झोपला. पाट इतका बारीक झाला की चिमण्या त्यात उभ्या राहून पाणी पीत. एकेका घराची पाळी लांबत गेली, आणि शेपटीच्या शेतात सातू आधी फिका झाला, मग पिवळा. खाला दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात पाणी सोडून घरी परतायची ती स्वतःच्या शेताच्या कडेने, मान दुसरीकडे करून. आई एकदा तिला म्हणाली, "माझ्या पाळीतलं थोडं घे." खाला म्हणाली, "तुझ्या बटाट्यांना विचारलंस का?"

एका सकाळी आई आणि मी कड्याजवळच्या आमच्या वाफ्यात तण काढत होतो. खाला पाटावरून आली आणि थबकली. तिच्या शेताची एक कड ओली होती. तिने वाकून माती चिमटीत घेतली आणि वर पाहिलं. कड्यावरून सुतासारखी पाण्याची धार उतरत होती. त्या दिवशी पाळी पाल्वोनशो बोबोंची होती.

ती फावडं घेऊन वळसा घालून वर गेली. पुढचं आम्हाला दिसलं नाही, पण ऐकू सगळं आलं.

"पाल्वोनशो, तुझा बांध फुटलाय."

"असेल. म्हातारा झालाय. माझ्यासारखा."

"उंदराने फोडला की फावड्याने?"

"फावडं धरता येणारा उंदीर असेल."

"पाणी वाया जातंय."

"वाया कुठे? खाली कोणाचं तरी शेत आहे म्हणे."

"कोणाचं आहे ते मला माहीत आहे. म्हणूनच बंद कर."

"हे बघ, पाळी माझी, पाणी माझं. मला कड्याला अंघोळ घालायचीय, तुझं काय जातं?"

"आणि उद्या सगळे म्हणतील, मिरोबच्या शेतात वरून पाणी येतं. मग कोणत्या तोंडाने मी कोणाचं दार लावू?"

"ह्याच तोंडाने. चांगलं मोठं आहे."

मग बोबोंचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा. "तू गेलीस की तिथे खाली गवत उगवेल. मी काय गवतावर ओरडू?"

चिखलावर फावड्याचे थापे बसल्याचा आवाज आला, एकामागून एक, नीट, घट्ट. धार थांबली. आई तण धरलेल्या हाताने तशीच बसून होती. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "काम कर."

ओला पट्टा दुपारच्या वाऱ्यात वाळला.

ढग गेले तेव्हा पाणी आलं, आणि खालाची पाळीही आली, पण उशिरा. वरच्या कडेचा थोडा सातू तेवढा उभा राहिला, गुडघ्यालाही न लागणारा. ऑगस्टच्या शेवटी तिने तो विळ्याने न कापता हाताने उपटला, अंगणात चादरीवर झोडपला, आणि चादरीचा एक कोपराही भरला नाही. तरी ती पाणचक्कीवर गेली. चक्कीवाल्याने विचारलं, "हे नमुना म्हणून आणलंस का?"

"दळ. जास्त बोलू नकोस. उद्या तुझ्या चक्कीचं पाणी माझ्याच हातात आहे."

दोदिखुदो आला तो खिशात कुलूप घेऊनच. पितळेचं, नवंकोरं. खालाने त्याला बसवलं, शीरचाय दिला आणि चुलीतून एक भाकरी काढून पुढे ठेवली. लहानशी, तळहाताएवढी, करडी.

"खा. आपल्या शेतातली आहे."

त्याने खाल्ली. चांगली होती. त्याने दुसरी मागितली.

"दुसरी नाही."

"म्हणजे?"

"पीठ एवढंच झालं. सगळं तू खाल्लंस."

"आई, एका भाकरीला पीक म्हणत नाहीत."

"तू म्हणालास, आपल्या शेतातलं पीठ घरात यायला हवं. आलं. आता तुझ्या पोटात आहे. किती, ते तू बोलला नव्हतास."

"आणि हिवाळ्यात काय खाणार?"

त्याचं उत्तर द्यायला तिला वेळ मिळाला नाही, कारण दारात शकरमो उभी होती, डोक्यावर रुमालात बांधलेला गहू, मिरोबचा वाटा. तिच्या मागे आमची आई, तिच्या मागे खलिफाबोबोंची सून. गाठोडी खाली ठेवून त्या जायला तयार नव्हत्या. एकीला विचारायचं होतं, गवताला पाणी उद्या की परवा. दुसरीला तिसरीची तक्रार सांगायची होती. ते मिटेपर्यंत कोणाचा तरी नातू धावत आला, की पाटाच्या तोंडाशी दगड घसरलाय, मिरोब कुठे आहे. खाला फावडं घेऊन निघून गेली. दोदिखुदो दारात उभा होता. त्या दिवसात त्या दारातून इतकी माणसं आली आणि गेली, की कुलूप लावायचं म्हटलं तरी आधी दार मिटायला हवं होतं.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि आईला म्हणाला, "मावशी, तुम्ही तरी सांगा तिला. तिकडे तिला आराम आहे."

"सांगते की," आई म्हणाली. "पण तुझी आई गेली तर पाल्वोनशोचं दार कोण लावणार? तू?"

तो हसला, नाइलाजाने. त्याला पोहोचवायला आलेली जीप सकाळी निघाली तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावर होतो. कोणी कुरूताची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी दिली, कोणी तुतीचं पीठ. फक्त खाला नव्हती. ती वळणाअलीकडच्या पुलाशी होती, गुडघाभर पाण्यात, कोणावर तरी ओरडत. पूल म्हणजे पाटावर टाकलेल्या चार फळ्या. ड्रायव्हरने गाडी नेमकी त्यांच्यावर थांबवली, आणि दोदिखुदो खिडकीतून बाहेर वाकला. डोळे भरून आले होते बिचाऱ्याचे.

"आई, येतो गं! पुढच्या वर्षी..."

खालाने फावडं उंच केलं. आम्हाला वाटलं, निरोप देतेय.

"गाडी काढ आधी! फळ्या दबल्यात, पाणी बाहेर चाललंय सगळं!"